मनगटावरचा टीकाकार

आयुष्यात टीकाकार कोणाला चुकलेले नाहीत. लहानपणी मास्तर असतात, पुढं बायको असते, आणि या दोघांच्या तावडीतून जे निसटतं ते साडूच्या नजरेला पडतं. मी स्वतःच मास्तर झालो, त्यामुळे पहिल्याचा सूड लोकांच्या मुलांवर उगवून मोकळा झालो. बायकोची तीस वर्षांत सवय झाली. आणि साडू सांगलीला राहतात. सातारा आणि सांगली यांच्यामध्ये कऱ्हाड आहे, ही देवाची दया.

अशा सुरक्षित अवस्थेत अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो, आणि एकोणसाठाव्या वर्षी चौथा टीकाकार आपल्या हातानं आपल्याच मनगटाला बांधून घेतला. त्याला घड्याळ म्हणतात. वेळ दाखवतं म्हणून घड्याळ म्हणायचं. पण वर्तमानपत्रात पंचांग छापतात म्हणून वर्तमानपत्राला कोणी पंचांग म्हणत नाही. या घड्याळाचा मूळ धंदा टीकेचा.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ''पेढे बंद.'' साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढे बंद करायला सांगणं म्हणजे भटजीला दक्षिणा बंद करायला सांगण्यासारखं. ''आणि रोज चाला. जमलं तर पळा.'' मी चारभिंतीपर्यंत चालायला लागलो. तिथून सातारा फार छान दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते पाहण्याच्या निमित्तानं उभं राहता येतं. महिन्याभरात उतारावर थोडा पळूही लागलो. ही बातमी पुण्याला चिरंजीवांच्या कानावर गेली. ''बाबा, मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही,'' असं तो म्हणाला आणि आठवड्यात कुरिअरनं एक खोकं आलं. खोक्यावरची किंमत वाचून हिनं एकच प्रश्न विचारला, ''यात सोनं किती ग्रॅम आहे?''

माझ्या मनगटावर तोवर वडिलांचं एचएमटी होतं. त्याला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. मध्यंतरी सेलवर चालणारी घड्याळं आली, ती वर्षानुवर्षं किल्लीशिवाय चालत. आता या नव्या घड्याळाला आठवड्याला, फार पळालं तर चार दिवसांनी, भिंतीच्या खटक्याला जोडून ठेवायचं. म्हणजे विज्ञान फिरून पुन्हा किल्लीवर आलं, फक्त किल्लीची वायर झाली.

घड्याळानं पहिल्याच दिवशी माझं वय, उंची आणि वजन विचारलं. मी वजन अडुसष्ट भरलं. मागून आवाज आला, ''चष्मा लावा. शहात्तर.'' एकाच घरात दोन टीकाकार झाले की ते एकमेकांना सामील होतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता उभा जन्म मुलांना कवितांचं रसग्रहण शिकवण्यात गेल्यामुळे समोर येईल त्याचं परीक्षण करण्याची खोड मला लागलेली आहे. दीड वर्षात मी दोन घड्याळं वापरली. त्यांचं हे परीक्षण. कंपन्यांची नावं सांगत नाही. एक तर ती घड्याळं अजून घरात आहेत, आणि दुसरं म्हणजे दोष तेवढे घड्याळाचे नव्हेत, काही मनगटाचेही आहेत.

परीक्षणाचा नियम असा की आधी गुण सांगावेत, म्हणजे पुढं हात मोकळा राहतो.

पहिला गुण, आपण कुठं आहोत हे त्याला कळतं. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक जण सतत ओरडून सांगत असतो, ''मी इथं आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले.'' ती हाक मनगटापर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. अशा किमान चार हाका ऐकल्या की आपली जागा ठरते. म्हणजे इतकं करून हा सगळा कारभार वेळ मोजण्याचाच. घड्याळानं आपलं कुळशील सोडलेलं नाही. पूर्वी अमेरिकी सरकार सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे. पोवई नाक्यावर उभा असलेला माणूस शंभर मीटर पलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात दिसावा, इतकी. 2000 सालच्या मे महिन्यात ती भेसळ बंद झाली, आणि 2003 साली गार्मिन कंपनीनं पळणाऱ्यांसाठी असं पहिलं मनगटी यंत्र काढलं. त्याचा आकार पाहता ते मनगटावर बांधायचं की मनगट त्याला बांधायचं, असा प्रश्न पडावा.

नाडीचं श्रेय फिनलंडकडे जातं. आमच्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली ज्या हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, त्याच देशात 1982 साली पोलार कंपनीनं छातीला पट्टा आणि मनगटावर आकडा असं पहिलं बिनतारी यंत्र विकायला काढलं. आता पट्टा गेला. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीत उजेड टाकतात, रक्त तो उजेड शोषतं, आणि परतणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. बुद्धी थक्क होते. माझीही झाली. पहिले आठ दिवस मी रस्त्यात भेटेल त्याला आपली नाडी सांगत होतो.

पण गुणांतच दोषाचं बी असतं. एकदा थंडीच्या पहाटे पट्टा जरा सैल राहिला. अर्ध्या तासानं पाहतो तर नाडी 164. आता माझ्या वयाला कमाल नाडी किती असावी याचं एक सूत्र आहे: 220 वजा वय. म्हणजे 161. शास्त्राप्रमाणे मी तीन ठोक्यांपूर्वीच वारलो होतो. घाबरून मैलाच्या दगडावर बसलो. नंतर चिरंजीवांनी खुलासा केला की गार कातडी आणि सैल पट्टा असला की यंत्राची गल्लत होते, आणि ते हृदयाऐवजी पावलंच मोजायला लागतं. ते सूत्रही मी शोधून पाहिलं. 1971 च्या सुमारास अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले आणि त्यांतून नजरेच्या अंदाजानं एक रेघ ओढली, तीच ही. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो. सूत्र ढोबळ होतं, पण पाठ करायला सोपं होतं. आम्ही मास्तर लोकांनी शिकवलेल्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे.

अंतराच्या बाबतीत तर घड्याळानं एका अख्ख्या समाजाला भांडखोर करून सोडलंय. आमच्या साताऱ्यात 2012 सालापासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. 2015 साली डोंगरावरच्या एका शर्यतीत सर्वाधिक माणसं धावल्याबद्दल गिनेस बुकात तिची नोंद झाली. अर्ध्या मॅरेथॉनचं अंतर 21.0975 किलोमीटर. दीड वर्षाच्या तपश्चर्येनंतर मीही त्या गर्दीत होतो. शेवटची रेघ ओलांडल्यावर मला वाटलं, लोक आकाशाकडे पाहतील, देवाचं नाव घेतील, निदान खाली बसतील. छे! प्रत्येक जण मनगट डोळ्यांसमोर धरून उभा. ''माझं एकवीस पॉइंट चार आलं!'' ''माझं साडेतीन!'' ''अंतर जास्त घातलंय हो यांनी!'' आणि ज्या एका तरुणाचं 20.95 भरलं होतं तो पदक गळ्यात घालून मोटारींच्या रांगांमधून गोल गोल पळत राहिला, घड्याळात एकवीस दिसेपर्यंत.

वास्तविक प्रमाणित शर्यतीचं अंतर मोजायची पद्धत ऐकली तर घड्याळानं तोंड लपवावं. ते मोजतात सायकलनं. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं लहानसं यंत्र लावतात, ते चाकाचे फेरे मोजतं. आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकलची परीक्षा घेतात. मग वळणाच्या आतल्या काठापासून तीस सेंटिमीटर ठेवून, धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेनं सायकल चालवतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, अंतर कमी भरू नये म्हणून. भाजीवाली वरून चार मिरच्या टाकते तसा. आपण त्या रेषेनं पळत नाही. आपण पाण्याच्या टेबलाकडे जातो, ओळखीचा दिसला की पलीकडे जातो, फोटोवाला दिसला की पोट आत घेऊन रस्त्याच्या मधोमध येतो. शिवाय घड्याळ दर सेकंदाला आपली जागा टिपतं आणि प्रत्येक टिपणात दोनचार मीटरची चूक असते. ते ठिपके जोडले की गुत्त्यातून निघालेल्या माणसाची चाल दिसते. चाल वाकडी म्हणजे अंतर जास्त. घाटात दरडीवर आपटून संदेश उशिरा येतात, तिथं तर आमच्या कित्येक स्पर्धकांनी यवतेश्वरची दरी हवेतून ओलांडल्याची नोंद आहे.

तरीही हे सगळे दोष मी माफ करतो. मापात चार मीटरची चूक ही चूक आहे, अपराध नव्हे. माझी तक्रार पुढची आहे. मोजून झाल्यावर हे घड्याळ बोलतं.

तीन महिने नेमानं घाट चढल्यावर एका सकाळी त्यानं मला एका शब्दात अभिप्राय दिला: 'अनप्रॉडक्टिव्ह'. मी शब्दकोश काढून खात्री केली. निष्फळ. वांझोटा. मी एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. निबंधात बैलाला शिंगांऐवजी पंख लावणाऱ्या मुलालाही मी असं लिहिलं नाही. 'अक्षर सुधारा' लिहिलं. आणि इथं साखर उतरली, पोट दोन इंच आत गेलं, जिन्यावर दम लागेनासा झाला, आणि हे म्हणतं निष्फळ!

कशाच्या जोरावर म्हणतं? तर व्हीओटू मॅक्स नावाच्या आकड्याच्या. शरीराच्या दर किलोमागं मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरता येतो, त्याचा तो आकडा. खरा मोजायचा तर प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा चढवून फिरत्या पट्ट्यावर दमेपर्यंत पळवतात. घड्याळ मुखवटा लावत नाही. ते वेग पाहतं, नाडी पाहतं आणि अंदाज बांधतं. वेग कमी आणि नाडी जास्त, म्हणजे माणूस बिघडला. चढाचा हिशेब काही घड्याळं धरतात, काही धरत नाहीत. माझं दुसऱ्या पंथातलं होतं. त्याच्या लेखी यवतेश्वरचा घाट चढणारा मी आणि सपाट रस्त्यावर रखडणारा आळशी यांत फरक नाही. पुस्तक न वाचता मलपृष्ठावरून परीक्षण लिहिणारे मी पाहिले होते. पण ते निदान वर्षातून चारपाच पुस्तकांचं लिहितात. हे रोज लिहितं.

इथंच साडूभाऊंचा प्रवेश. त्यांच्या मुलीनंही त्यांना तसलंच घड्याळ दिलं होतं. साडूभाऊ सांगलीहून हरिपूरच्या रस्त्यानं पळतात. कृष्णाकाठचा रस्ता, पाटासारखा सपाट. सातारा सांगलीहून दोनेकशे मीटर उंच. आमच्या माहुलीवरून गेलेलं पाणीच पुढं त्यांच्या आयर्विन पुलाखालून जातं, पण हा मोठेपणा घड्याळ विचारात घेत नाही.

रविवारी फोन आला. ''काय साडूभाऊ, किती आकडा?''

''चौतीस,'' मी खालच्या आवाजात म्हणालो.

''आमचा एक्केचाळीस. 'एक्सलंट' म्हणतंय. वय काय दाखवतंय ठाऊक आहे? पंचेचाळीस!''

''अहो, तुमचा रस्ता सपाट आहे. इथं घाट आहे घाट.''

''असेल, असेल,'' साडूभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. सांगलीचा माणूस हा जन्मजात प्रेक्षक. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं, तेव्हापासून त्या गावाला पहिल्या रांगेत बसून मान हलवायची सवय आहे. साडूभाऊंची ती मान मला फोनवरून दिसली.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी घड्याळानं तेही सांगितलं: 'झोप निकृष्ट'.

माणूस असा पेचात सापडला की दोन रस्ते असतात. आपण सुधारायचं किंवा घड्याळ सुधारायचं. दुसरा सोपा; त्याला नुसते पैसे लागतात. मी पुण्याला जाऊन दुकानात उभा राहिलो. विक्रेत्या मुलानं समोर पाच घड्याळं मांडली. एक दोन लहरींवर ऐकणारं, म्हणजे दरडीवर आपटलेला उशिराचा संदेश कोणता आणि थेट आलेला कोणता, हे ओळखणारं. एकात हवेचा दाब मोजून उंची सांगायची सोय. एकात नकाशे. एकात विजेरी. एक घड्याळ म्हणे चाळीस मीटर पाण्याखाली चालतं. मी विचारलं, ''चाळीस मीटर पाण्याखाली मला वेळ कशाला बघायची?'' तो म्हणाला, ''काका, असावं जवळ.'' या एका वाक्यावर जगातली निम्मी बाजारपेठ उभी आहे. जुनं दिलं, त्याची पडेल ती किंमत वळती केली, वर भर घातली आणि दाबानं उंची सांगणारं, नकाशे असलेलं घड्याळ घेऊन आलो. घरी किंमत सांगताना वळती केलेली रक्कम दोनदा वजा केली.

या दुसऱ्या घड्याळाचंही न्यायानं बोललं पाहिजे. एकदा पावसाळ्यात यवतेश्वरच्या पठारावर धुकं असं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. घड्याळाला 'आलेल्या वाटेनं परत' म्हटलं. पडद्यावर एक बारीक रेघ उमटली, तिच्यावर बोट ठेवल्यासारखा मी डांबरी रस्त्याला लागलो. त्या वेळी त्यानं मला निष्फळ म्हटलं नाही, वय सांगितलं नाही. मुकाट्यानं वाट दाखवली. दाबाचं यंत्रही गुणी. वर जावं तसा दाब कमी होतो, साधारण आठ मीटरला एक मिलिबार, त्यावरून घाटाचा चढ ते नेमका सांगतं. फक्त वादळ आलं की हवेचा दाब आपणहून उतरतो, आणि घड्याळाला वाटतं आपण चढलो. एका जुलैच्या रात्री मी अंथरुणात घोरत असताना माझी उंची तीस मीटर वाढली होती. ही म्हणाली, ''कॉटवरून तुमचे पाय खाली आलेत, ते सांगत नाही वाटतं?''

पण टीका? टीका दुप्पट झाली. पहिलं घड्याळ पळून आल्यावर बोलायचं, हे उठल्याबरोबर बोलायला लागलं. आज अंगात शक्ती किती, ताण किती, पळायची लायकी शंभरात किती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घड्याळ बदलून माप फारसं बदलत नाही; वाढतात ती विशेषणं. वाढीव पैसे मी विशेषणांचे मोजले होते.

साडूभाऊंनी अर्थात माझ्यानंतर पंधरा दिवसांत माझ्यावरचं घड्याळ घेतलं, आणि ते दाखवायला जुलैत सहकुटुंब साताऱ्याला आले.

सकाळी साडेपाचला आम्ही दोघं घाटाला लागलो. साडूभाऊंनी मनगट पुढं केलं. ''ब्याण्णव! 'आज जोर लावा' म्हणतंय.'' माझं बावन्न होतं. मी मनगट खिशात घातलं. पहिली दोन वळणं साडूभाऊ पुढं होते. तिसऱ्या वळणाला मी त्यांना गाठलं तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. चौथ्या वळणाला ते थांबले. डावा खांदा चोळत होते.

''काय झालं?''

''काही नाही. झोपेत अवघडला असेल. जबडाही जरा ओढल्यासारखा वाटतोय. पित्त.'' मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, ''नाडी 128. एकदम व्यवस्थित. चला.''

आणि आपण सुशिक्षित माणसं किती मूर्ख असतो पाहा. मीही वाकून त्यांच्या घड्याळात पाहिलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. 128 म्हणजे बरीच बरी, असं मीही म्हणालो. आम्ही आणखी एक वळण चढलो.

तिथं एक चहाची टपरी आहे. टपरीवरच्या मावशी चूल पेटवत होत्या. त्यांनी नुसती मान वर केली, आणि म्हणाल्या, ''पावनं, आदी बसा.''

''दोन चहा,'' साडूभाऊ म्हणाले.

''चा नंतर. अवो, वारं कसलं गार सुटलंय, आन् तुमाला ह्यो घाम कशाचा?'' मग माझ्याकडे वळून, अगदी आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात, ''तुमी काय बगत उभं ऱ्हायलाय? तोंड बगा त्येंचं. राखंवानी झालंय.''

मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खरंच राखेसारखं होतं. मावशींनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून खाली जाणारी दुधाची जीप अडवली. किटल्यांमध्ये जागा करून आम्ही साडूभाऊंना बसवलं. घाट उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. तीस वर्षांत आम्ही एकमेकांचा हात लग्नातल्या फोटोपुरताच धरला असेल.

हृदयाची एक नळी नव्वद टक्के बंद होती. वेळेवर पोचलो. दुपारपर्यंत स्टेंट बसला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी मूर्खासारखा त्यांना विचारलं, ''पण डॉक्टर, नाडी तर बरोबर होती.''

''असेल की,'' ते म्हणाले. ''घड्याळ ठोके मोजतं. नळी किती उघडी आहे ते ठोक्यांच्या आकड्यात दिसत नाही. काही घड्याळांत ईसीजी असतो, तोही लयीपुरता. झटका ओळखायला नाही. छाती, खांदा, जबडा, गार वाऱ्यात घाम, असं काही झालं की मनगटाकडे बघायचं नाही. थांबायचं आणि इकडं यायचं.''

साडूभाऊंचं घड्याळ हिच्या पर्समध्ये होतं. रात्री ते थरथरलं. आम्ही सगळे दचकलो. त्यावर आलं होतं: 'आज तुमचं उद्दिष्ट अपुरं राहिलं. उठा, हला!' मेव्हणीनं ते हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि इतक्या शांतपणे बंद केलं की तो शांतपणा मला अजून आठवतो.

तर आता निकाल. परीक्षकानं शेवटी हात झटकू नयेत.

घड्याळ घ्यावं का? जरूर घ्यावं. सपाट रस्त्यावर चालणार-पळणार असाल तर साधं, स्वस्तातलं पुरतं. उरलेले पैसे बुटांना घालावेत. डोंगरात जाणार असाल तर दाबावरून उंची सांगणारं आणि परतीची वाट दाखवणारं घ्यावं, ते उपयोगाचं आहे. पावसाच्या मुलखात बटणांचं घ्यावं. बोटानं चालणाऱ्या काचेवर सरी पडल्या की पाऊसच घड्याळ चालवायला लागतो. पन्नाशीनंतर आकडे मोठे दिसतात का, हे दुकानात चष्मा काढून पाहावं. नाडी नेमकी हवी असेल तर छातीचा जुना पट्टाच बरा. आणि हातातलं चालत असेल तोवर नवं घेऊ नये. एवढ्यावर माझी शिफारस संपते.

बाकी जे काही ते बोलतं, तिथं त्याचा अधिकार संपतो. आमच्या जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओला स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांत धावली आणि अंतिम फेरीत गेली. तो आकडा माप आहे. त्याला विशेषणाची गरज नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. उलट रोज दहा हजार पावलं चाला हे फर्मान बघा. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचंच नाव होतं 'दहा हजार पावलांचं मापक'. विकायला आकडा गोल बरा. त्या जाहिरातीच्या आकड्यापायी आमच्या आळीतले एक गृहस्थ रात्री पावणेबाराला अंगणात फेऱ्या घालतात आणि कुत्री जागी करतात.

साडूभाऊ नाटकाच्या गावचे, त्यांनीच बरं होत असताना हे नेमकं सांगितलं. उशीला टेकून म्हणाले, ''साडूभाऊ, आपली चूक काय झाली माहीत आहे? घड्याळ हे प्रॉम्प्टरचं काम. विंगेत उभं राहावं, अडलं तर शब्द द्यावा. आपण त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत नाटक करत बसलो.''

मी घरी येऊन घड्याळाचे सगळे अभिप्राय बंद केले. बंद करायची सोय असते. पाचसहा पानं आत, म्हाताऱ्याला सापडू नये अशा जागी. एक कुठला तरी राहून गेला.

कारण सप्टेंबरात मी सांगलीला गेलो होतो. डॉक्टरांनी साडूभाऊंना सपाट रस्त्यावर हळूहळू चालायची परवानगी दिली होती. आम्ही दोघं हरिपूरच्या रस्त्यानं निघालो. साडूभाऊंच्या मनगटावर काही नव्हतं, नुसता पट्ट्याचा पांढरा वळ. दोनदा बाकावर बसलो, एकदा ओळखीच्या माणसाशी बोललो, नदीचं पाणी पाहिलं, भडंग किती तिखट असावं यावर वाद घातला आणि परत आलो. जिन्यापाशी साडूभाऊ म्हणाले, ''दम लागला नाही हो.'' मग डोळे मिटून थोडं थांबले आणि म्हणाले, ''उद्या पुन्हा याल ना?''

मी हो म्हणालो. तेवढ्यात मनगट थरथरलं. सवयीनं पाहिलं. सव्वादोन किलोमीटर, एक तास चार मिनिटं. खाली घड्याळाचा अभिप्राय होता: 'लाभ नाही.'

मी बाही खाली ओढली आणि साडूभाऊंना जिना चढायला हात दिला.